एक आरशाचा, एक बिनआरशाचा

कॅमेरा घ्यायचा, एवढं ठरलं होतं. डीएसएलआर की मिररलेस, हे ठरेना. मी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत अकौंट्स सांभाळतो. जंगल मी कॅलेंडरवरच पाहिलेलं. तरी मला वाघ-बिबटे टिपायचे होते (चाळिशीनंतर माणसाला काहीतरी टिपावंसं वाटतं). माझी बायको पारमिता हिला डोंगर आणि मावळतं आभाळ हवं होतं. ते अंगावर येत नाही, असं तिचं म्हणणं.

मी मोबाइलवर व्हिडिओ बघत बसलो. एक जण सांगायचा, डीएसएलआरच दणकट. दुसरा सांगायचा, त्याचे दिवस संपले. मला दोघांचंही पटायचं. शेवटी पारमिता म्हणाली, दोन्ही मागून आणू आणि आपणच बघू. तिच्या भावाचा, बुद्धप्रियचा, मिररलेस आला. ऑफिसातल्या विक्रमनं आपला डीएसएलआर दिला आणि वर उचगावच्या शेतावर बोलावलं. संध्याकाळी तिथं मोर येतात म्हणे.

विक्रमनं आम्हाला मक्याच्या राखणीसाठी बांधलेल्या मचाणावर चढवलं आणि तो डेअरीला दूध घालायला निघाला. जाता जाता म्हणाला, "बिबट्या आलाय म्हणत्यात हिकडं. पर तुमी भिऊ नकासा, अण्णा."

तोवर मी भीत नव्हतो.

पारमितानं आभाळाचे फोटो काढायला घेतले. मिररलेसचा आवाज बंद ठेवता येतो, त्यामुळं ती फोटो काढतेय हे शेजारी बसून मलाही कळत नव्हतं. माझ्या डीएसएलआरच्या पोटात आरसा. दर फोटोला तो वर उडायचा आणि खटाक् व्हायचं. मोर काही आले नाहीत. अंधारू लागलं, तसं माझ्या कॅमेऱ्यातून नुसतं काळं दिसायला लागलं. म्हणून तिचा मागून घेतला. त्याच्या आत बारका स्क्रीन असतो, तो अंधारातलंही उजळून दाखवतो. मक्याचं पान न् पान दिसलं. बांध दिसला. बांधावर बसलेलं, ठिपक्यांचं, कान टवकारलेलं एक जनावरही दिसलं.

मी नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. काही नाही. डीएसएलआरमधून पाहिलं. काही नाही. मिररलेसमधून पाहिलं, तर ते आमच्याकडंच बघत होतं. त्या क्षणी मला डीएसएलआर फार आवडला.

"ते कुत्रं आहे का बघ," मी कुजबुजलो.

पारमितानं कॅमेरा घेऊन बराच वेळ बघितलं. मग हळूच म्हणाली, "हलू नका."

हे मला मान्य होतं, माझ्या हातांना नव्हतं. बोट बटणावर रुतून बसलं आणि डीएसएलआर खटाखट खटाखट सुटला (मोर उडताना टिपावा म्हणून मीच तसं सेटिंग करून ठेवलं होतं). बांधावरून काहीतरी सळसळत उसात शिरलं. आणि विक्रमच्या घराकडं जायची वाट उसातूनच होती.

पारमिता म्हणाली, बसून राहिलो तर अंधार वाढेल, आत्ताच उतरू. तिनं मोबाइलचा टॉर्च लावला. मी तिला पुढं जाऊ दिलं (बिबट्या मागून हल्ला करतो असं वाचलं होतं, म्हणून मागची बाजू मी सांभाळली, असं मी अजून सांगतो). उसाचं पातं गालाला लागलं की मला पंजा वाटायचा. एक चप्पल चिखलात राहिली, ती राहिलीच. पारमितानं माझं मनगट घट्ट धरलं होतं. तिचा हात गार पडलाय हे कळलं आणि माझा उरलासुरला धीर सुटला, कारण आमच्या घरात न भिण्याचं खातं तिच्याकडं आहे.

घरात विक्रमची आई, मालुबाई, भाकरी थापत होत्या. पाणी पिऊन मी झालेलं सांगितलं. बिबट्या डीएसएलआरच्या आवाजानं पळाला, तेव्हा जंगलासाठी डीएसएलआरच घ्यावा, असा निकालही देऊन टाकला. पारमितानं आपला कॅमेरा पुढं केला. त्यात बिबट्या होता, मिशांसकट. माझ्यात नुसता अंधार, शंभरएक वेळा काढलेला.

मालुबाईंना बिबट्याचं नवल नव्हतं. तो अधूनमधून येतो, माणसाची चाहूल लागली की निघून जातो, म्हणाल्या. मग तव्यावरची भाकरी उलटत त्यांनी विचारलं, "पर मगाधरनं उसात आई गं, आई गं करत कोण रडत हुतं?"

पारमितानं माझ्याकडं पाहिलं. मी डीएसएलआर वर धरला.

"हा, मावशी. याचा आवाजच तसा आहे."

मालुबाईंनी कॅमेऱ्याकडं बघितलं, मग माझ्या अनवाणी पायाकडं.

"मग दुसरा घ्या, बाबा," त्या म्हणाल्या. "ह्यो लईच भितोय."