तुमचं-आमचं कधी पटलंय व्हय?

कडूभाऊ सकाळी कंपनीच्या गेटातून आत आले की पहिलं भांडण वॉचमनशी करायचे. का, असं विचारायचं नाही. वॉचमननं नमस्कार केला तर, "येवढं वाकायला काय झालं, कंबर मोडली काय?" आणि नाही केला तर, "नमस्काराचे पैसे कापतेत का तुझ्या पगारातून?" तिथून पुढं कॅन्टीनवाला, मग गाडी वाकडी लावणारा, मग गाडी सरळ लावणारा. स्टोअरचं कुलूप उघडेपर्यंत त्यांचा सकाळचा कोटा पूर्ण झालेला असायचा. भांडण संपवायचं वाक्यही ठरलेलं. हात झटकायचे आणि म्हणायचे, "जाऊ द्या. तुमचं-आमचं कधी पटलंय व्हय?"

नागापूरच्या एमआयडीसीत आमची कंपनी. गाड्यांचे पत्र्याचे पार्ट बनवते. मी तिथं तपासणीच्या टेबलावर. तिसगावची, आयटीआय झालेली. माझे आई-बाप दर साली कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे. आमच्या घरात बारा महिने एका जागी राहून पगार घेणारी मी पहिलीच, त्यामुळं नोकरीचं मोल मला कुणी समजावून सांगायला नको.

कडूभाऊ स्टोअर सांभाळायचे. मूळचे घोडेगावचे, जनावरांच्या बाजाराचं गाव. आम्ही म्हणायचो, बाजारात जे मारकं जनावर कुणीच घेतलं नाही, ते आमच्या कंपनीनं घेतलं. त्यांच्याकडं एक नट मागायला जा, पोरगी मागायला आल्यासारखी चौकशी व्हायची. कुठं लावणार, आधीचा कुठं गेला, मशीन कसं आहे, चालवणारा पितबित तर नाही ना. हातमोजे मागितले तर, "परवाच नेले की. खाल्ले काय?"

"आईनं लई विचार करून नाव ठिवलं असंल, कडू," असं अंबादास म्हणायचा. अंबादास म्हणजे चार नंबर प्रेसवरचा ऑपरेटर. माझ्या टेबलासमोरच उभा असायचा आणि अख्ख्या कंपनीच्या नकला करायचा. कडूभाऊंची नक्कल करायच्या आधी मात्र दाराकडं बघून घ्यायचा.

तर अशात कंपनीत एथिक्स आलं. परदेशातल्या गिऱ्हाइकानं अट घातली होती की तुमच्याकडं नीतीनं काम चालतं हे दाखवा, नाहीतर ऑर्डर बंद. पुण्याहून एक तरुण सर आले, पडद्यावर चित्रं दाखवली आणि म्हणाले, "चुकीचं दिसलं की बिनधास्त बोला. तुमचं नाव गुप्त राहील." मागून कुणीतरी पुटपुटलं, "मागल्या बारीला जो बोलला, त्यो आता मार्केट यार्डात टमाटे विकतोय."

फोन करून तक्रार सांगायला हॉटलाइन आली. तक्रारपेटी आली, ती प्रॉडक्शनच्या साहेबांच्या केबिनसमोर बसवली, आणि पेटीच्या बरोबर वर कॅमेरा. गुप्तपणा असा! पहिल्यांदा पेटी उघडली तेव्हा आत निघाली तंबाखूची रिकामी पुडी, कुणाच्या तरी पुतण्याची लग्नपत्रिका आणि एक चिठ्ठी, "आमटीत डाळ शोधून देणाऱ्यास बक्षीस."

मग ज्याच्याकडं लोकांनी मन मोकळं करावं असा एक माणूस नेमायचा होता. साहेबांनी कडूभाऊंचं नाव दिलं. आम्ही पोट धरून हसलो, पण साहेबांचा हिशोब बरोबर होता. ज्याच्याकडं हातमोजे मागायला जाताना देवाचं नाव घ्यावं लागतं, त्याच्याकडं तक्रार घेऊन कोण जाणार? कडूभाऊंना बिल्ला मिळाला, त्यावर छापलेलं, "माझ्याशी निर्धास्त बोला." तो छातीवर लावून ते दिवसभर सगळ्यांवर खेकसत फिरायचे.

आता प्रेसचं, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढणाऱ्या मशीनचं सांगते. प्रेसच्या तोंडाशी एक डोळा बसवलेला असतो. माणसाचा हात आत असला की त्याला दिसतं आणि प्रेस खाली येत नाही. पण सारखी थांबली की माल कमी निघतो, म्हणून साहेबांनी चार नंबरच्या डोळ्याची वायर काढून ठेवायला लावली होती. अंबादास हसायचा. "मशीन आंधळी, मी डोळस. संसार चाललाय न्हवं?" मी मात्र समोर उभी. त्याचा हात बाहेर आला की माझा श्वास सुटायचा, दिवसभर हेच. एकदा त्याच्या हातमोज्याचं टोक आत राहिलं आणि पापडासारखं चपटं होऊन बाहेर आलं. त्यात बोट नव्हतं, एवढंच. त्या दिवशी अंबादासनं एकही नक्कल केली नाही.

बोलावं तर नोकरी जाणार. कुणाला कायम करायचं ते साहेबच ठरवणार होते. आणि नोकरी गेली की मला पुढचं ठाऊक होतं, पाचटाच्या झोपडीत, कोपीत राहायचं आणि उसाच्या मोळ्या उचलायच्या. गप्प बसावं तर समोर तो हात. शेवटी हातमोज्यांचं निमित्त करून स्टोअरला गेले आणि कडूभाऊंना एका दमात सगळं सांगून टाकलं. ते नट निवडत होते. त्यांनी मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

"हातमोजे संपलेत. जा."

संध्याकाळी सुट्टी झाली, सगळी शिफ्ट गेटात, आणि मागून आवाज आला, "ओ मॅडम! रोज रोज हातमोजे मागता, लोणचं घालता काय घरी? स्टोअर म्हंजी काय तुमचं माहेर हाय?" मीपण तिसगावची. "भाऊ, वयाचा मान ठेवते म्हणून, नाहीतर..." असं म्हणत चांगलं सुनावलं. ते आणखीच चढले. माणसं गोळा झाली. साहेब गाडीची काच खाली करून बघत होते. "लई तोंड चालतंय बाईचं! तुमचं-आमचं कधी पटलंय व्हय?" तिथून घरी जाईपर्यंत मी ढसाढसा रडत होते. एवढा जीव मुठीत धरून सांगितलं आणि या माणसानं भर गेटात माझी अब्रू काढली. वर छातीवर तो बिल्ला!

दुसऱ्या दिवशी ते अंबादासशी भांडले. मग पेंटशॉपवाल्यांशी, मग वायरमनशी, मग झाडूवाल्या मावशींशी. नुसता ऊत आला होता. चहाच्या कपावरून खुद्द साहेबांशीही वाजलं.

आणि मग गिऱ्हाइकाची माणसं न सांगता आली ती सरळ चार नंबरपाशी जाऊन उभी राहिली. प्रेस बंद केली. वायर जोडल्यावरच चालू झाली.

साहेब चवताळले. कडूभाऊंनीच वर कळवलं हे उघड होतं, आणि गिऱ्हाइकाच्या धाकानं त्यांना हात लावता येत नव्हता, पण कडूभाऊंच्या कानात कुणी घातलं? एकेकाला केबिनमध्ये बोलावलं. प्रश्न एकच, कडूभाऊंशी कुणाची ऊठबस आहे? वॉचमन म्हणाला, "माजी न्हाई बा." कॅन्टीनवाला आपले सगळे अपमान पहिल्यापासून सांगत बसला. अंबादासनं तर नक्कलच करून दाखवली. माझी पाळी आली. साहेबांनी माझ्याकडं बघितलं आणि हात हलवला. "तू जा. तुझी तर त्यानं गेटावर पार काढली. मीच बघितलं की."

बाहेर येऊन मी भिंतीला टेकले. अगं बाई! म्हणजे ते भांडण माझ्यासाठी होतं. आणि बाकीची सगळी भांडणं, त्या एका भांडणाचा कुणाला संशय येऊ नये म्हणून.

तेव्हापासून मी त्यांना नीट बघायला लागले. भांडखोर ते आधीपासूनच, त्यात काही खोटं नाही. पण पूर्वी दुपारी वायरमनबरोबर बसून भाकरी वाटून खायचे. बिल्ला आल्यापासून कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून एकटे जेवायचे. शेजारी कुणी टेकलं की त्याला उठवून लावायचे. जो शेजारी बसेल त्याच्यावर उद्या बोट उठणार, हे त्यांनी ओळखलं होतं.

मग ते रिटायर झाले. शाल दिली, नारळ दिला. त्यांनी नारळ कानाशी हलवला आणि "ह्यात पानीच न्हाई," म्हणून शेवटचं भांडण काढलं. लोक हसले. "कुणाला दोन शब्द बोलायचेत?" असं विचारलं तर कुणी उठलं नाही. मलाही उठता आलं नाही, कारण साहेब पहिल्या रांगेत बसलेले. गप्प बसणं किती जड असतं ते त्या दिवशी कळलं.

आता साहेब कंपनी सोडून गेलेत आणि मी कायम झालेय, म्हणून हे सांगायची सोय आहे. परवा पेढे घेऊन घोडेगावला गेले. भाऊ दारात म्हशीला वैरण टाकत होते. घरात दुसरं कुणी दिसलं नाही. मला बघून त्यांनी आधी रस्ता बघितला, दोन्ही बाजूंनी.

"कुणी नाही आलं माझ्यासंगं," मी म्हणाले. "आता तरी गोड बोला, भाऊ."

त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. बिचाऱ्यांनी खूप प्रयत्न केला. शेवटी म्हणाले, "पेढे कशाला आनले? शुगर हाय मला." आणि दोन खाल्ले. मग रंगात येऊन त्यांनी हॉटलाइनची कथा सांगितली. पलीकडची बाई सारखी "इंग्रजीसाठी एक दाबा" म्हणत होती. मराठी कळणारा माणूस फोनवर येईपर्यंत हे तिच्याशी भांडत होते. ती बाई म्हणजे टेप होती हे मी त्यांना सांगितलं नाही.

"भाऊ, तुमचं नाव असं का हो ठेवलं?"

"माझ्या आदीची लेकरं जगली न्हाईत," ते वैरण सारखी करत म्हणाले. "लोकांनी आईला सांगितलं, ह्याला कडू म्हन, म्हंजी मरन तोंड वाकडं करून फुडं जाईल. तिनं जन्मभर 'ए कडू' म्हनूनच हाक मारली. मी जगावा म्हनून." त्यांनी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. "तुलाबी मी तसंच कडू बोललो गं. त्या दिशी तू रडत गेलीस, मला घास ग्वाड लागला न्हाई."

माझे डोळे भरून आले.

"अंबादासचे हात?" त्यांनीच विचारलं.

"धड आहेत, दोन्ही. पोरगी झाली त्याला. तिला उचलून गेटावर दाखवायला आणली होती. आणि अजून तुमची नक्कल करतो."

भाऊ हसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बघितलं, त्यांना समोरचा एक दात नाही.

निघाले तर रस्त्यापर्यंत आले. समोरच्या ओट्यावर बसलेल्या म्हातारीनं विचारलं, "कडू, कोन पावनी रं?"

"कोनी न्हाई!" सवयीनं आवाज चढला. "कंपनीतली हाय. आमचं कधी पटलंय व्हय?"

म्हणाले खरे, पण हात माझ्या डोक्यावर ठेवलेला होता.

"कधीच नाही, भाऊ," मी म्हणाले. त्यांनी हात काढला नाही आणि मीही हलले नाही.