बचावलेला बोकड

लोनप्पनच्या लेकीच्या घरी नऊ वर्षांनी पाळणा हलला, त्या वर्षीची ही गोष्ट. रविवारी बाळाचा बाप्तिस्मा आणि मग गावाला अप्पम-मटणाचं जेवण ठरलं होतं. त्यासाठी पोसलेला बोकड शुक्रवारी सकाळी स्वतःच्या पायांनी चालत जाऊन विहिरीत पडला.

विहिरीत पाणी गुडघाभर. बोकड धडधाकट होता आणि ओरडत होता. लोनप्पनने अग्निशमन व बचाव केंद्राला फोन लावला.

"माणूस की जनावर?"

"बोकड, सर."

"जिवंत आहे?"

"आहे. रविवारपर्यंत तरी राहायला हवा."

भोंगा वाजवत गाडी आली. केंद्रप्रमुख भार्गवन स्वतः उतरले. वर्षभर केंद्राने बोटांत रुतलेल्या अंगठ्या कापल्या होत्या, एकाचं डोकं अडकलेली कळशीही काढली होती. पण पदक मिळतं ते जीव वाचवल्यावर, आणि अंगठीला जीव नसतो.

विहिरीतली हवा तपासायला आधी मेणबत्ती सोडली, मग जाळी, मग जवान. बोकड वर आला तेव्हा बायाबापड्यांनी डोळे पुसले. कोणीतरी त्याला जास्वंदीचा हार घातला. तो त्याने खाल्ला. लोनप्पनने दोरी धरली.

"थांबा चेट्टा, कुठे नेता?" भार्गवननी विचारलं.

"घरी. परवा कापायचाय."

गर्दी हळहळली. "अरे, काळीज आहे का दगड?" एकजण म्हणाला.

"हा शासनाने वाचवलेला जीव आहे," भार्गवन म्हणाले. "पदकासाठी तपासणी होईल, तेव्हा तो श्वास घेत असला पाहिजे."

"तपासणी कधी?"

"ते तिरुवनंतपुरमच्या साहेबांना माहीत."

"पण बोकड माझा आहे!"

"पडण्याआधी होता."

"मग परत टाकतो विहिरीत!"

"टाका की. आम्ही पुन्हा काढू. दोन पदकं."

बोकड लोनप्पनच्या अंगणात बांधला गेला, पण त्याच्यापाशी एक जवान बसला. शनिवारी बोकड शिंकला, तर भोंगा वाजवत गाडी घोंगडी घेऊन आली. त्याच वेळी पलीकडे काथ्याची शेड जळत होती. पण आत कोणी अडकलेलं नसल्याने तिथे पदकाला वाव नव्हता.

"अहो, लेकीने नऊ वर्षं सासरी टोमणे खाल्ले," रोसम्मा नवऱ्याला म्हणाली. "आता त्याच माणसांना भोपळा वाढू?"

"वाढ. भोपळा अजून विहिरीत पडलेला नाही."

असं बोलला खरा, पण लोनप्पन छत्री उचलून बाजाराकडे गेला.

रविवारी सगळे आले. विहिरीपाशी रडलेले तर झाडून आले. पानावर वाफाळतं मटण पडलं आणि पंगत एकमेकांकडे बघू लागली. विहीणबाईंनी हात मागे घेतला. भार्गवन उठून अंगणात धावले. बोकड केळीची पानं चघळत उभा होता. त्यांनी त्याच्या छातीला कान लावला.

"चालू आहे!" ते ओरडले.

पंगतीने सुस्कारा सोडला. विहीणबाईंनी दोनदा मागून घेतलं. "लोनप्पन, नळीचं हाड बघ रे एखादं," भार्गवन बोटं चाटत म्हणाले.

ते कोणाचं, हे पंगतीत कोणी विचारलं नाही. तुम्हीही इथवर काळजी केलीत ती अंगणातल्याचीच. बाजारातून आणलेला दुसरा बोकड रविवारी पहाटे, चर्चच्या पहिल्या घंटेआधी मेला.