गाण्याआधी फक्त दोन सत्कार

गर्दी जमवावी तर न्हावऱ्याच्या हौसरावांनी! हे तालुक्यात कुणीही सांगितलं असतं, आणि कुणी नाही सांगितलं तर हौसराव स्वतः सांगायचे. लग्न असो, पशुप्रदर्शन असो, दूध संस्थेची सभा असो, हौसरावांनी पांढरी गाडी काढून एक चक्कर मारली की दुपारपर्यंत माणसं मुंग्यांसारखी रांगेनं यायला लागायची. त्यामुळं त्यांच्या मुलीला, ज्ञानेश्वरीला, शिरूरला लाईव्ह गायची संधी आली, तेव्हा त्यांनी छातीवर हात मारून भाच्याला सांगितलं, "पप्पू, पोरीचं गाणं तू बघ. माणसं माझ्यावर सोड!"

पप्पू शिरूरच्या एका मंडळाचा अध्यक्ष होता. मंडळाच्या वर्धापनदिनाला दिवाळीनंतर 'भव्य संगीत रजनी' ठरली होती. सबंध वाद्यवृंद, दोन की-बोर्ड, ढोलकी, आणि मधला अर्धा तास ज्ञानेश्वरीचा.

ज्ञानेश्वरी रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटी तपासायला होती. शिफ्ट सुटली की कंपनीच्या बसमधून थेट शिरूरला उतरायची आणि गाण्याच्या सरांकडं जायची. बोलायला कमी. पण यावेळी तिनं बापाला एक गोष्ट नीट समजावून सांगितली होती.

"आप्पा, दौंडहून रतनबाई येणार हायत. त्यांचा स्वतःचा ऑर्केस्ट्रा हाय. त्यांची मेन गायिका लग्न करून नाशिकला गेली. सरांनी माझं नाव सांगितलंय. त्या फक्त ऐकायला येणार हायत."

"येऊ दे की! त्यांचा बी सत्कार करू!"

"सत्कार नको, आप्पा. गाणं ऐकू दे."

"अगं, गाण्याआधी फक्त दोन सत्कार. पप्पूचा आन् रतनबाईंचा. मग तू हाईसच!"

हौसराव खोटं बोलत नव्हते. त्यांच्या मनात खरंच दोनच सत्कार होते. घोटाळा झाला तो गाडी बाहेर काढल्यावर.

पहिल्यांदा ते सरपंचांकडं गेले. सरपंच म्हणाले, "येतो, पण नुसतं खुर्चीवर बसायला बोलवू नका बरं का." हौसराव म्हणाले, "अवो, सन्मान होणार तुमचा!" सरपंचांचा सन्मान म्हटल्यावर माजी सरपंचांना वगळून कसं चालेल? दोघांचं तर बोलणं बंद होतं, म्हणजे सत्कार बरोबरीनंच हवा. मग उपसरपंच. मग दूध संस्थेचे चेअरमन, सोसायटीचे व्हाईस चेअरमन, कारेगावचे दोन खोल्या-मालक, ज्यांच्याकडं निम्मी कंपनी भाड्यानं राहते. प्रत्येकजण विचारायचा, "आमच्याबरोबर आणखी चारजण आले तर?" हौसराव म्हणायचे, "आणा! त्यांचा बी करू!"

कार्यक्रमाच्या दिवशी शिरूरच्या त्या मैदानावर माणसांचा पूर आला. हौसराव पहिल्या रांगेत सोफ्यावर बसले. शेजारी सारजाबाई, त्यांची मंडळी, नवं लुगडं नेसून अंग चोरून बसल्या होत्या. रतनबाई दुसऱ्या टोकाला होत्या. साठीच्या, काळ्या काठांच्या साडीतल्या, हातात पाण्याची बाटली, आणि गर्दीकडं न बघता स्टेजवरच्या माईककडं बघणाऱ्या.

वाद्यवृंदानं एक धून वाजवली. निवेदक पुढं आला आणि म्हणाला, "आता मान्यवरांचे सत्कार!"

आणि सुरू झालं ते सुरूच झालं!

"शेतकऱ्यांचे कैवारी! तरुणांचे आशास्थान! गोरगरिबांचा आधारवड!" असं ओरडून निवेदक एकेकाला वर बोलवत होता. एक आधारवड चढेस्तोवर दुसरा आधारवड खाली उतरत होता. गावात एवढे आधारवड असते तर उन्हाळा कुणाला लागला नसता! प्रत्येकाला शाल, नारळ, फोटो. फोटोत डोळे मिटले म्हणून पुन्हा फोटो.

मध्येच शाली संपल्या. पप्पू धापा टाकत सोफ्यामागं आला.

"मामा, शाली न्हाईत! अजून निम्मी माणसं बाकी हायत!"

"मग?"

"उतरलेल्याची काढून चढणाऱ्याला देऊ का?"

"हळूच कर," हौसराव म्हणाले.

मग स्टेजमागं शालींचा रहाट चालू झाला. उपसरपंच जिना उतरले की अंधारात कुणीतरी त्यांच्या खांद्यावरची शाल उचलायचं आणि ती दुसऱ्या बाजूनं व्हाईस चेअरमनच्या खांद्यावर पडायची. नारळाचीही तीच गत. एक नारळ तर इतक्या हातांतून गेला की शेंडी गळून शेवटी तो नारळ ओळखू येईना.

रतनबाईंचाही सत्कार झाला. त्यांनी शाल घेतली, माईकवर एवढंच म्हणाल्या, "मी गाणं ऐकायला आलेय," आणि खाली आल्या. येताना शाल गेली.

ज्ञानेश्वरी पडद्याच्या कडेला उभी होती. मोरपंखी साडी, केसांत अबोली. निवेदकानं एकदा तिचं नाव घेतलंसुद्धा. ती माईकपाशी आली, ढोलकीवाल्यानं थाप दिली, आणि तेवढ्यात पहिल्या रांगेमागून गेणबा उठले. ते हौसरावांचे जुने सोबती, मेंढरं विकून आता द्राक्षबाग केलेले.

"चला रे!" गेणबा आपल्या माणसांना म्हणाले. "आपलं नाव न्हाई घेतलं. आपण काय खुर्च्या भरायला आलोय व्हय!"

एक टेम्पोभर माणसं उभी राहिली. हौसराव सोफ्यावरून ताडकन उठले. ते धावत सुटले. "गेणबा! अरं गेणबा! थांब!" त्यांनी गेणबांचा हात धरून त्यांना थेट स्टेजवर नेलं. ढोलकीवाल्याचा हात हवेतच राहिला. ज्ञानेश्वरी दोन पावलं मागं सरली.

गेणबांचा सत्कार झाल्यावर गेणबांच्या चौघांचा झाला. आणि मग पप्पूनं कळस केला. "आजच्या कार्यक्रमाचे खरे शिल्पकार, माझे मामा! मामांनी दोन शब्द बोलावेत!"

हौसरावांना खरोखर एकच वाक्य बोलायचं होतं. 'आता माझी मुलगी गाणार आहे, शांतपणे ऐका.' ते त्यांनी मनात घोकलंही होतं. पण माईक हातात आला, समोर एवढी माणसं दिसली, आणि वाक्य कुठल्या कुठं गेलं. ते न्हावऱ्याच्या रस्त्यावर बोलले. दुधाच्या फॅटवर बोलले. पूर्वीच्या काळी शिरूरला चालत यावं लागायचं त्यावर बोलले. टाळ्या पडत होत्या. टाळी म्हणजे उसाला पाणी, प्रत्येक टाळीनं भाषण वितभर वाढत होतं!

स्टेजखाली एक हवालदार येऊन उभा राहिला. त्यानं मनगट वर करून घड्याळावर बोट ठेवलं. हौसरावांनी ते पाहिलं. हवालदारानं पुन्हा बोट ठेवलं, या वेळी जोरात.

'अरे!' हौसरावांच्या मनात आलं. 'बंदोबस्ताला असलेल्या माणसाला आपण विसरलो!'

"दिवसरात्र आपलं रक्षण करणारे आपले हवालदार साहेब!" ते माईकवर गरजले. "या, या, वर या! पप्पू, शाल आण!"

हवालदार नको नको म्हणत असताना चौघांनी त्याला उचलल्यासारखं वर आणलं. खांद्यावर शाल पडली. हातात तो नारळ आला. हौसरावांनी माईक त्याच्या तोंडापाशी धरला. "बोला साहेब, दोन शब्द!"

"दहा वाजले," हवालदार म्हणाला. "स्पीकर बंद करा."

हसण्याचा एकच कल्लोळ झाला. त्या कल्लोळात ज्ञानेश्वरी पुढं आली. तिनं बापाच्या हातातून माईक घेतला, डोळे मिटले आणि पहिला सूर लावला. तो सूर जेमतेम पहिल्या रांगेपर्यंत आला असेल. खट्! मागं कुणीतरी बटण दाबलं. तिचे ओठ हलत होते आणि मैदानात खुर्च्या सरकल्याचा आवाज येत होता.

हौसरावांनी सोफ्याच्या टोकाकडं पाहिलं. रतनबाईंची जागा रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी गावात हौसरावांचं कौतुक मावत नव्हतं. "असा कार्यक्रम शिरूरला पुन्हा होणं न्हाई!" माजी सरपंच म्हणाले. माजी आणि आजी सरपंचांनी पारावर एकत्र चहा घेतला, एवढा तो कार्यक्रम गाजला. गेणबा तर मुद्दाम घरी आले.

"हौसराव, जन्मात असा कार्यक्रम बघितला न्हाई! आन् पोरगी काय गायली रं! काटा आला अंगावर!"

ज्ञानेश्वरी ओसरीवर बुटाची नाडी बांधत होती. कंपनीची बस यायची वेळ झाली होती. ती उठली, गेणबांना "येते काका" म्हणाली आणि निघून गेली. बापाकडं तिनं पाहिलं नाही.

गेणबांचा शब्द हौसरावांना काट्यासारखा रुतला. पोरगी गायलीच नव्हती, आणि हे ऐकणाऱ्याला कळलंसुद्धा नव्हतं. मग आपल्याला तरी काय कळलं होतं? आपण एवढी माणसं गोळा केली, ती कशासाठी?

चार-पाच दिवस घरात ताटवाट्यांचा आवाज तेवढा होता. ज्ञानेश्वरी विचारलेल्याला उत्तर द्यायची, बस्स. सरांकडं जाणंही तिनं बंद केलं. शिफ्ट सुटली की सरळ घरी. सारजाबाई एकदा चुलीपाशी म्हणाल्या, "पोरगी गाणं सोडती बघा," आणि भाकरी उलटायला लागल्या.

हौसरावांनी गाडी काढली. पारगावचा पूल ओलांडून, चौफुल्यावरून पाटसमार्गे दौंड गाठलं. रतनबाईंचं घर रेल्वे लाईनीच्या कडेला होतं. दारात हौसरावांना बघून त्या जागच्या हलल्या नाहीत.

"शाल द्यायला आलाय का? की राहिलेला नारळ न्यायला?"

हौसराव उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "बाई, माझी चूक झाली. पोरीची न्हाई."

बाहेरून मालगाडी जायला लागली. दौंडच्या माणसाला सवय असते, तो वाक्य अर्धवट ठेवून गाडी जाईपर्यंत थांबतो. हौसरावांना सवय नव्हती. ते बोलत राहिले. पोरगी कशी गप्प झाली, सरांकडं कशी जात नाही, गेणबा काय म्हणाले. गाडी गेली तेव्हा त्यांचं बोलणं संपलं होतं आणि डोळे पुसून झाले होते.

"मला एक अक्षर ऐकू आलं न्हाई," रतनबाई म्हणाल्या. "पण समजलं. रविवारी इथंच आमचा कार्यक्रम हाय. रात्री न्हाई जमणार. चार वाजता साऊंड चेक असतो, तवा आणा तिला. माणसं नसतात, खुर्च्या असतात. चालेल?"

"चालेल! चालेल!"

"आन् तुम्ही स्टेजच्या जवळ यायचं न्हाई."

घरी येऊन हौसरावांनी हे ज्ञानेश्वरीला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी भाषण दोन वाक्यांत संपवलं. तिनं जेवणाचा डबा पिशवीत ठेवला. मग म्हणाली, "येते. पण तुम्ही गाडीतच बसायचं, आप्पा."

"बसतो."

रविवारी दुपारी ते गाडीतच बसले. पण पाच मिनिटांत गाडीची भट्टी झाली. ते उतरले आणि मांडवाच्या अगदी मागं, एकात एक रचून ठेवलेल्या खुर्च्यांआड उभे राहिले. समोर मैदान रिकामं होतं. दोन मांडववाले शिडीवर चढून दिव्यांच्या माळा बांधत होते. सारजाबाई एकट्याच मधल्या एका खुर्चीवर बसल्या होत्या. रतनबाई स्टेजखाली, हाताची घडी घालून.

ज्ञानेश्वरी कंपनीला जाते त्याच साध्या ड्रेसमध्ये माईकपाशी आली. कुणी तिचं नाव पुकारलं नाही. ढोलकीवाल्यानं मान हलवली आणि ती गायला लागली.

गाणं तिच्या सरांनी बांधलेलं होतं. सासरी निघालेली मुलगी घराकडं वळून बघते, 'उंबऱ्यात राहिली माझी सावली गं' म्हणते, असं काहीसं. हौसरावांना सूर-तालातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण त्या आवाजानं त्यांना जागेवर धरून ठेवलं. तिसऱ्या ओळीला शिडीवरच्या मांडववाल्याचा हात माळेवर थांबला. मागून रेल्वे आली तेव्हा ज्ञानेश्वरी एका सुरावर थांबली, गाडी जाऊ दिली आणि तिथूनच पुढं निघाली. एवढ्या सभा, एवढ्या टाळ्या, पण असं हौसरावांना कधी झालं नव्हतं. टाळी वाजवायलाही हात उचलेना.

गाणं संपलं. मांडववाला शिडीवरून म्हणाला, "ताई, एक अजून होऊन जाऊ द्या की."

रतनबाई म्हणाल्या, "आवाज हाय. श्वास तुटतो. मंगळवारपासून ये, तो मी नीट करीन."

परतीच्या वाटेवर गाडीत तिघंच. पारगावचा पूल मागं पडला तरी हौसरावांना राहवेना.

"ज्ञाना... हे गाणं नवीन बसवलंस काय गं?"

मागच्या सीटवर ज्ञानेश्वरी खिडकीबाहेर बघत होती. शेजारून सारजाबाई म्हणाल्या, "अवो, नवीन कुठलं? तीन वर्सं झाली, रोज सकाळी गोठ्यामागं हेच म्हणती ती! तुम्हीच तर खिडकीतून वराडता, 'रेडिओ बारीक करा, माझा फोन चाललाय!'"

हौसरावांचा पाय ब्रेकवर गेला. गाडी हळू झाली.

"मला तर..." ते आरशात बघत म्हणाले, "मला तर खरंच वाटायचं, रेडिओ लागलाय."

मागं इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हसू फुटलं. हौसराव मान वळवून पुढं काही बोलणार, तोच ती म्हणाली, "आप्पा, आता दोन शब्द नको. समोर बघा, उसाची ट्रॉली हाय!"