एका हाताचा डबा

आमचे सुदाम भाऊजी कुठलीही वस्तू आधी उचलून पाहतात, मग तिच्याकडे बघतात. चहाचा कप दिला तर तो उजव्या हातात तोलतात, खाली ठेवतात आणि मग पुन्हा उचलून पितात. आमची इस्त्री, मिक्सर, शेजारणीचं दोन महिन्यांचं बाळ, सगळं त्यांचं तोलून झालंय. मी मोठी वहिनी म्हणून तेवढी सुटले. तशीही मी एका हातात मावण्यातली नाही.

"वैनी, एका हातात आलं पाहिजे," हे त्यांचं पालुपद.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. फौजेत हवालदार. लग्न केलं नाही. "बायको एका हातात येत नाई," असं म्हणून स्थळं परतवली. कधी बर्फात, कधी वाळूत, आणि वर्षातून एकदा लाखनीहून आत असलेल्या आमच्या गावात. लहानपणी मंडईच्या जत्रेत दंडारीच्या खेळाला पेटी वाजवायचे. फौजेत पेटी नेता येईना, म्हणून त्यांनी डब्याचा घाट घातला. वाजवायचं, गायचं, टिपून घ्यायचं, सगळं सामान एका डब्यात. बदली कुठेही होवो, डबा उचलायचा आणि चालू पडायचं.

डबा माझा होता, पाच लिटरचा, कडीचा. दूध आणायला ठेवलेला. आता त्यात वीतभर लांबीचा, मोजक्या पट्ट्यांचा बाजा उभा बसतो. शेजारी साबणाच्या वडीएवढा रेकॉर्डर, एक माइक, बॅटरी, कानात घालायच्या वायरी. त्यांना धक्का लागू नये म्हणून माझ्या जुन्या गोधडीचे तुकडे. वारा माइकात शिरू नये म्हणून त्याला केसाळ टोपी लागते म्हणे. ती माझ्या मुलीच्या कापडी अस्वलाच्या पोटातून आली. पोरगी आठवडाभर काकांशी बोलली नाही.

सुट्टीत त्यांची दोनच कामं. डबा हलका करणं, आणि हलका झालेल्या डब्यात काहीतरी नवं घालून तो जड करणं. बॅटरी मोठी घेतली तेव्हा त्यांनी आपल्या टूथब्रशची दांडी अर्धी कापली. टॉवेल अर्धा केला. चौकीवर बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून पांघरूण डोक्यावरून घेऊन, आत बसून गाणं टिपतात. एकदा बाहेरून सोबत्यांना वाटलं हवालदारसाहेबांना हिवताप झाला.

"अहो, मोबाईलवर होते ना सगळं," मी एकदा म्हटलं.

"मोबाईलात आवाज जाते वैनी, माणूस नाई जात."

"आणि दुसरा हात काहून मोकळा पाहिजे? बंदुकीसाठी?"

"तसंच समजा," म्हणाले आणि डबा उचलून पाहू लागले.

त्यांना त्या डब्यात एकच गोष्ट न्यायची होती: आईचं रोवण्याचं, म्हणजे भातलावणीचं, गाणं. माझ्या सासूबाई तरुणपणी गावातल्या रोवण्याला पुढे असायच्या. बायका वाकून पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, लावायच्या; सासूबाई या गाण्याची ओळ टाकायच्या आणि बाकीच्या ती झेलायच्या. सासरी आलेली पोर बांधीतल्या, भाताच्या खाचरातल्या, बगळ्याजवळ माहेरचा निरोप देते, असं ते लांबलचक गाणं. आता सासूबाईंचे दोन्ही डोळे काचबिंदूने गेले होते, धापही लागायची. पुढच्या सुट्टीपर्यंत त्यांचा दम टिकेल की नाही, ही भाऊजींना धास्ती.

आणि सासूबाई घरात गायला तयार नाहीत. माइक चाचपून म्हणाल्या, "सुदाम्या, हा कोणता उंदीर धरून आणलास?" मग म्हणाल्या, "रोवण्याचं गाणं खाटेवर बसून कोणी गाते का? पाय चिखलात असल्याबिगर ते निघतच नाई."

रोवणा पावसाळ्यात, आणि फौजेची सुट्टी पडायची हिवाळ्यात. तीन रोवणे हुकले. चौथ्या हिवाळ्यात मी डोकं लढवलं. अंगणात घमेल्यात चिखल कालवला, सासूबाईंचे पाय त्यात ठेवले, भाऊजींना खूण केली. सासूबाईंनी अंगठा हलवून पाहिला.

"सूनबाई, हा चिखल तं नळाच्या पाण्याचा हाय."

भाऊजींनी डबा बंद केला. मी पाय धुतले. त्यांचे, आणि चिखलाचाच हात कपाळावर मारून घेतला म्हणून माझं कपाळही.

गेल्या पावसाळ्यात मात्र रोवण्यात सुट्टी मिळाली. सासूबाईंना धुऱ्यावर, बांधीच्या कडेच्या मातीच्या वरंब्यावर, बसवलं, पाय बांधीत सोडले. पुढे बायकांची ओळ वाकलेली. भाऊजी शेजारी बसले आणि सासूबाईंनी त्यांचा डावा हात धरला. डोळे गेल्यापासून त्यांची ही रीत होती. हात हातात असला की पोरगा घरी आहे. सुटला की गेला. भाऊजी सुट्टीत जेवायचेसुद्धा असेच, एक हात आईकडे ठेवून.

मग त्यांनी उजव्या हाताने झाकण काढलं. उजव्या हाताने वायर कानात घातली, माइक धुऱ्यात रोवला, अंगठ्याने बटण दाबलं. डावा हात जागचा हलला नाही. मी बघतच राहिले. इतकी वर्षं मला वाटत होतं तो हात बंदुकीसाठी आहे.

"ओळ कोण झेलते?" सासूबाईंनी विचारलं. बायका बांधीच्या पार दुसऱ्या टोकाला गेलेल्या. "सूनबाई, तूच झेल."

माझा आवाज असा की मी गुणगुणले तर आमची म्हैस दूध चोरते. पण झेलली. सासूबाईंची ओळ बारीक, कापरी, पण सुतासारखी सरळ. माझी तिच्यामागे खड्ड्यातून गेलेल्या बैलगाडीसारखी. भाऊजींच्या चेहऱ्यावर कळा उमटत होत्या. पण उजव्या हातात रेकॉर्डर, डावा आईकडे; कानातली वायर काढायला हात होता कुठे!

संध्याकाळी ते डब्यापुढे बसून राहिले. "वैनी, तुमचा आवाज काढतो म्हटलं तं आई बी जाऊन राहिली."

"असू दे ना मग."

"नाई, साफ पाहिजे. पुढच्या रोवण्याला नुसतं आईचं घेऊ."

पुढचा रोवणा आलाच नाही. सासूबाई फाल्गुनात गेल्या. भाऊजींना सुट्टी लगेच मिळाली, पण बर्फातून खाली उतरून दोन गाड्या बदलून पोचायला तिसरा दिवस उजाडला. अस्थींचं मडकं अंगणात ठेवलं होतं. त्यांनी सवयीने ते उजव्या हातात उचललं. आलं एका हातात. ते तसेच उभे राहिले. मग माझ्या नवऱ्याने मडकं त्यांच्या हातातून घेतलं आणि दोघं भाऊ वैनगंगेवर गेले.

तेरवीनंतर निघायच्या दिवशी मी विचारलं, "ते गाणं आहे ना डब्यात?"

"हाय ना. रोज ऐकतो. तुमच्यासकट."

लाखनीच्या स्टॉपवर दरवेळी सासूबाई यायच्या. डावा हात धरून उभ्या राहायच्या, आणि बस आली तरी सोडायच्या नाहीत. "जाऊ दे. मांगून दुसरी येते." म्हणून भाऊजी नेहमी एक बस सुटेल या हिशेबानेच घरून निघायचे.

या वेळीही ते तेवढेच लवकर निघाले. मी म्हटलं, काहून एवढी घाई? ते डबा उचलून चालू लागले. स्टॉपवर उभे राहिलो. पाठीवर फौजी बॅग, उजव्या हातात डबा. डावा हात अंगापासून थोडा पुढे, पंजा उघडा, कोणी तरी धरावा असा. त्यांच्या ते ध्यानातही नव्हतं.

माझ्या हातात त्यांच्यासाठी आणलेली चिवड्याची पिशवी होती. ती मी खाली ठेवली. लग्नाला वीस वर्षं झाली, दिराचा हात कधी धरला नव्हता. आमच्याकडे तशी पद्धत नाही. धरला. खरखरीत होता, आणि वाटला त्यापेक्षा जड.

ट्रकांच्या मागून बस आली. भाऊजींनी समोर बघतच म्हटलं, "वैनी, बस आली."

"जाऊ दे," मी म्हटलं. "मांगून दुसरी येते."