भातकुलीचे ऑनलाइन आजार

सन दोन हजार सतराच्या मे महिन्यात, अमरावती मुक्कामी, प्राध्यापक धर्मपाल वानखडे यांनी पंख्याखाली पाय पसरून जाहीर केले, "घरोघर हिंडून आरोग्य विचारण्याचा काळ संपला! लिंक पाठवावी, उत्तरे आपल्या पायांनी चालत येतात!"

त्यांच्या प्रबंधाचा विषय होता, नापिकीच्या वर्षांतील ग्रामस्थांची झोप. शुक्रवारी अकोल्यात मार्गदर्शक संध्याताईंपुढे उत्तरे ठेवता आली नाहीत, तर नोंदणी रद्द होणार होती! धर्मपालांनी प्रश्नावलीची लिंक भातकुली गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर सोडली आणि चुलीवरच्या दुधाकडे पाहावे तसे ते मोबाइलकडे पाहत बसले.

पहिला दिवस कोरडा गेला. दुसऱ्या दिवशी पूर आला! धर्मपाल हरखले, मग वाचू लागले. भातकुलीत कोणालाच झोप नव्हती. सर्वांना चक्कर, सर्वांचे कान बंद, सर्वांचे गुडघे निकामी! एवढेही त्यांनी गोड मानून घेतले असते, परंतु "गरोदर आहात काय?" या प्रश्नास सत्तरीच्या देवमनजींनी "होय" म्हटलेले दिसताच त्यांनी एसटी गाठली.

भातकुलीत, गावाचे अर्ज भरून देणाऱ्या शाहनवाजच्या ऑनलाइन सेंटरपुढे, भरलेल्या अर्जाच्या पावतीसाठी रांग लागली होती. त्या वर्षी सरकारदरबारी ऑनलाइन अर्जावाचून पान हलत नसे. साहजिकच हाही अर्ज योजनेचाच, असे गावाने ठरवून टाकले होते.

"या सर! एक घर सोडलं नाई!" शाहनवाज म्हणाला. "ज्यायच्याजवळ मोबाइल नाई, त्यायचेही भरून देल्ले!"

"अरे, पण सगळ्यांना सगळे आजार?"

"एक रकाना खाली राह्यला का अर्ज बाद होते, सर. रिस्क काहून घेऊ?"

"आणि देवमनजी गरोदर?"

"फायदा भेटत असन तर आपन काहून नाई म्हनाव?" रांगेतून खुद्द देवमनजींनी विचारले.

धर्मपाल स्टुलावर चढले. "ही योजना नव्हे! हे संशोधन आहे! यातून आपणांस काहीएक मिळणार नाही!"

"काईच नाई?" रांगेत पहिल्या उभ्या असलेल्या चतुराबाईंनी पदर खोचला. "मंग माही झोप तुले कायले पायजे होती रे बाप्पा? सकाळपासून उन्हात उभी हाओ मी!"

रांग मोडली आणि धर्मपालांच्या दिशेने वळली. परतीच्या एसटीत ते चढले खरे. एक चप्पल मात्र भातकुलीतच राहिली.

शुक्रवारी संध्याताईंनी सेंटरमधून भरलेली सारी उत्तरे वगळली. उरले एक. त्यांनी मोठ्याने वाचले, "झोप लागत नाही. छाती धडधडते. जीव थाऱ्यावर नसतो. घरी सांगितलेले नाही." त्या म्हणाल्या, "हा माणूस खरं बोलतो आहे. कोण हा?"

"मी," धर्मपाल पुटपुटले. "लिंक चालते का, ते पाहायला भरली होती."

"बायकोजवळही बोलला नाहीत?"

"नाही, मॅडम. समोर कोणी नव्हतं, तर लिहिल्या गेलं."

संध्याताईंनी चष्मा काढला. "म्हणजे स्वतःचा मोबाइल स्वतःच्या हाती असला, तर माणूस खरं लिहितो. बाकीच्यांसाठी घरोघर जा. मुदत मी वाढवून घेते. पण आधी डॉक्टरकडे. तुम्ही आजारी आहात, धर्मपाल."