दौलततात्यांचा फिरता बार

दौलततात्या मोहिते घरात प्यायचं पाणीसुद्धा पांढरे हातमोजे घालून देत. डावा हात पाठीमागे, उजव्या हातावर तबक, तबकात पेला. पेला पाहुण्याच्या उजव्या बाजूनंच पुढे यायचा. एकदा मी भिंतीला उजवी बाजू लावून बसलो होतो. तात्या पेला घेऊन तसेच उभे राहिले.

"सरका, भाऊसाहेब."

"अहो, डावीकडून द्या की."

"मेसमधी आसं चालत न्हाई."

मी उठून जागा बदलली आणि मगच मला पाणी मिळालं.

तात्या बावीस वर्षं फौजेत होते. लढाईवर गेलेत, पण बंदूक घेऊन फार थोड्या वेळा. बहुतेक नोकरी ऑफिसरांच्या मेसमध्ये, बारच्या मागे. हवालदार होऊन पेन्शनवर साताऱ्याला आले आणि आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहू लागले. एकुलती मुलगी लग्न होऊन कराडला गेलेली. घरात ते आणि अनसूयावहिनी.

पहिले सहा महिने त्यांनी घराची मेस करायचा प्रयत्न केला. चहा साडेसहाला, घंटा वाजवून. वहिनींच्या हळदीकुंकवाला बायका जमल्या, तर हे तबकात अत्तरदाणी घेऊन हातमोज्यांसह हजर. बायका पदरात तोंड लपवून हसल्या. वहिनी म्हणाल्या, "आवं, जावा की भाईर! मानसानं घरात किती ऱ्हावं?"

तात्यांनी हे फार मनावर घेतलं असावं. कारण पंधरा दिवसांनी ते माझ्याकडे एक पितळी माप घेऊन आले. मी वजनमापे खात्यात निरीक्षक. माझ्याकडे लोक तराजू आणतात, लिटर आणतात, रॉकेलची मापं आणतात. दारूचं माप प्रथमच आलं.

"ह्याला शिक्का मारा. फिरता बार काढतोय."

"म्हणजे?"

"मोठ्या लोकांच्या घरी कार्यक्रम आसतात. एकसष्टी, निरोप, बढती. त्येंनी बोलवायचं, आपुन गाडी घिऊन जायचं. टेबल, गिलास, बरफ, समदं आपलं. बाटल्या त्येंच्या. वाढनार आपुन. मेससारकं."

मी माप तपासलं. साठ मिलिलिटरचं म्हणून होतं, भरलं बासष्ट. शिक्का मारता येणार नाही असं मी सांगितलं. तात्यांचा चेहरा उतरला.

"बावीस वर्सं ह्याच मापानं वाढलीय, भाऊसाहेब. दोन दोन मिली जास्ती?"

"रोज किती पेग?"

"चाळीस धरा. वर्साचं तीनशे दिस."

मी कागदावर मांडलं. दिवसाला ऐंशी मिलिलिटर, वर्षाला चोवीस लिटर, बावीस वर्षांत पाचशे अठ्ठावीस लिटर. म्हणजे अडीच पिंपांहून अधिक.

तात्या बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तरीच पलटन खूश हुती."

नवं माप आलं, बरोबर साठचं. मी शिक्का मारला. परवान्यासाठी तात्या दारूबंदीच्या कचेरीत नऊ वेळा गेले. दारू वाढायचा परवाना दारूबंदीच्या कचेरीतून मिळतो याचं त्यांना काही वाटलं नाही. फौजेत याहून चमत्कारिक कचेऱ्या पाहिल्या आहेत, म्हणाले.

गाडीची गोष्ट मात्र बिघडली. फौजेच्या लिलावातला जीपमागे जोडायचा ट्रेलर त्यांनी मिळवला आणि त्यावर बारचं काउंटर करायला औंधच्या एका सुताराला दिलं. काम नामी करणारा माणूस. पण जन्मभर देव्हारे, मखरं आणि पालख्यांखेरीज त्यानं काही केलेलं नव्हतं. तात्यांनी सांगितलं, वर कमान पाहिजे, बाटल्या ठेवायला कोनाडे पाहिजेत, पुढं पितळी दांडी पाहिजे. त्यानं कमानीवर दोन मोर काढले, चार कोपऱ्यांना केळीचे खांब कोरले आणि मधोमध कळस बसवला.

"आरं गड्या, ह्यो बार हाय का देऊळ?" तात्या ओरडले.

सुतार शांतपणे म्हणाला, "मला दुसरं येत न्हाई. कळस काढू म्हनता? मी चढवलेला कळस मी उतरवनार न्हाई. तुमी उतरवा."

तात्यांचाही हात होईना. कळस राहिला. बाटल्यांना ऊन लागू नये म्हणून पुढं लाल मखमलीचा पडदा सोडला, त्यानं उरलीसुरली कसर भरून काढली.

एवढं होईपर्यंत वहिनींनी बोलणं सोडलं होतं. पहिलं बोलावणं आलं, कुंडलजवळच्या मळ्यात राहणाऱ्या एका रिटायर मेजरसाहेबांच्या एकसष्टीचं. त्या दिवशी वहिनी आमच्या दारात आल्या.

"भावजी, तुमी खोटं बोलत न्हाई आसं समदी गल्ली म्हनती. तुमी ह्यांच्यासंगं जावा. किती पेलं, किती पडलं, किती भांडलं, मोजून या. येकजन जरी पडला, तर मी भावाकडं जानार. कायमची."

आमच्या घरातून मला सांगण्यात आलं की दुसऱ्याच्या संसारात आकडे घालू नयेत. पण वहिनींची ट्रंक भरून दाराशी ठेवलेली मी पाहिली होती. मी एका दिवसाची किरकोळ रजा टाकली.

सकाळी निघालो. जीप भाड्याची, मागे आमचं देऊळ. कराड मागे टाकल्यावर एका गावाच्या पाराजवळ इंजिन तापलं. जीपवाला पाणी आणायला गेला. तेवढ्यात चार बायका आल्या, मग दहा. एक म्हातारी कमरेत वाकलेली, पण आवाज खणखणीत.

"कंचा देव म्हनायचा, बाबा?"

तात्या सावधान उभे राहिले. कळस, मोर, केळीचे खांब, लाल पडदा. त्या माउलीचं काय चुकलं? म्हातारीनं हात जोडले. मागच्या बायकांनीही जोडले.

"पडदा सारा की वाईच. दर्सन घिऊ."

मखमलीमागे मेजरसाहेबांनी आधीच पाठवून दिलेल्या चौदा बाटल्या होत्या. पारावर चार माळकरी म्हातारे बसले होते, आणि त्यांतल्या दोघांच्या हाताशी काठ्या होत्या, हे मी मोजलं. तात्या माझ्याकडे बघू लागले. मी खोटं बोलत नाही, हीच माझी अडचण होती. परवाना माझ्या खिशात होता, आणि तो मला पाठ होता.

मी म्हणालो, "आजी, संध्याकाळी सहाच्या आधी हा पडदा उघडायला परवानगी नाही. सहा ते आठ एवढीच वेळ आहे. सरकारी हुकूम आहे."

म्हातारीनं कपाळाला हात लावला. "आता देवालाबी सरकारी टाईम? काय दिस आलं गं बाई!"

एक म्हातारा पारावरून म्हणाला, "कायदाच तसा आसंल. जाऊ द्या त्येंला, उशीर व्हईल."

त्यांनी पितळी दांडीला कुंकू लावलं, सात नारळ ठेवले. जीप सुटली. दोन मैलांवर तात्या म्हणाले, "नारळ बारमधी वापरायचं न्हाईत." परत येताना आम्ही ते त्याच गावच्या मारुतीपुढं ठेवले. सातही.

मेजरसाहेबांच्या मळ्यात सहाला पाच मिनिटं कमी असताना तात्यांनी हातमोजे चढवले. सहाला पडदा सरकवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बहुतेक पाहुणे माजी फौजी, काही साखर कारखान्यातले. एकूण बत्तीस, त्यांत परमिटवाले पिणारे चोवीस. परमिटं मीच तपासली.

पहिले दोन पेग तात्या विनातक्रार देत. तिसऱ्याला मात्र त्यांचा एक नियम होता. फौजी माणसानं आपला फौजेतला नंबर उलटा म्हणून दाखवायचा. जो फौजी नाही त्यानं सतराचा पाढा.

"ही काय शाळा हाय का रं?" एक सुभेदार म्हणाले.

"मेस हाय, साहेब. बोला."

सुभेदारांनी उलटा नंबर घडाघडा म्हटला आणि पेग घेतला. कारखान्याचा एक ओव्हरसियर सतरा सातेपर्यंत आला आणि "सतरा साते… सतरा साते…" करत राहिला. मला राहवेना, पण तात्यांनी डोळ्यांनी दटावलं. त्याला लिंबूपाणी मिळालं. एकंदरीत नऊ जण पास झाले.

मग स्वतः मेजरसाहेब आले. उंच माणूस, पांढऱ्या मिशा, एकसष्टीचा हार अजून गळ्यात. पेला पुढे केला.

"नंबर, साहेब."

हसू पसरलं. मेजरसाहेबांनी सुरुवात केली. तिसऱ्या आकड्याला चुकले. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा चुकले.

"माफी, साहेब. तुमच्यापुरता बार बंद."

मेजरसाहेबांचा आवाज चढला.

"दौलत, मळा कुणाचा?"

"साहेबांचा."

"दारू कुणाची?"

"साहेबांची."

"मग नाही म्हणणारा तू कोण?"

"माप माजं हाय, साहेब."

माझ्या डोळ्यांपुढे वहिनींची ट्रंक आली. आता एक शब्द वाढला तर भांडणाच्या रकान्यात एक लिहावा लागणार होता. इतक्यात ओसरीवरून मेजरसाहेबांच्या पत्नीचा आवाज आला. "हवालदार, तीस वर्षांपूर्वी कुठं होता हो तुम्ही?"

आधी बायका हसल्या, मग सुभेदार, आणि शेवटी मेजरसाहेब स्वतःच. त्यांनी पेला उपडा ठेवला आणि जेवणाची पानं मांडायला सांगितली. आठला तात्यांनी पडदा ओढला. तेवढ्यात तीन जण बोलावणं देऊन गेले: कराड, मिरज आणि पाचगणी.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही साताऱ्याला पोचलो. वहिनी उंबऱ्यात उभ्या होत्या. मी खिशातला कागद काढला.

"पाहुणे बत्तीस. पिणारे चोवीस. दोन-दोनप्रमाणे अठ्ठेचाळीस पेग, तिसरे नऊ, एकूण सत्तावन्न. पडलेले शून्य. भांडण शून्य. एकदा आवाज चढला, त्याचा शेवट हसण्यात झाला. तात्या स्वतः काही प्याले नाहीत."

माझ्या छातीवरचं मोठं ओझं उतरलं. तात्यांच्याही. ते एकदम खुलले. "तीन बोलावनी आलीत! शनिवारी पाचगनी, मंग कराड, मंग मिरज. वर्सभर आसंच चालायचं बग आता."

वहिनी ट्रंकेवर बसल्या. मला वाटलं, आनंदानं.

"म्हंजी परत तारखा मोजायच्या," त्या म्हणाल्या.

तात्यांना काही कळलं नाही. मलाही नाही.

"भावजी, तुमी हिशेबाचं मानूस. बावीस वर्सं नोकरी. वर्साला दोन म्हैन्यांची रजा. लढाईपायी दोन वर्सं आलंच न्हाईत. किती दिस घरी हुतं ह्ये?"

मी तोंडीच सांगितलं, कारण हिशेब सोपा होता. "चाळीस महिने. तीन वर्षं चार महिने."

सांगितलं आणि जीभ चावली. इतका बरोबर आकडा देऊन मी आयुष्यात कधी ओशाळलो नव्हतो.

"त्या दारूचं मला काय पडलंय?" वहिनी म्हणाल्या. "येकजन पडावा म्हनून मी देवाला हात जोडलं काल. म्हंजी बंद हुईल ह्ये जानं. हळदीकुकवादिवशी रागात म्हनलं भाईर जावा, तर बारच काडला. भाईर म्हंजी पारावर जावा म्हनलं हुतं मी."

तात्या सावधान उभे होते. माणसाला दुसरं काही सुचत नाही तेव्हा जी सवय असते तीच वर येते. तबक जवळ नव्हतं, बार नव्हता, मेस नव्हती. ते घसा खाकरून म्हणाले, "मला घरात काय करायचं त्ये कळत न्हाई. तुझी समदी कामं तुला येत्यात. मला वाडायचं तेवडं येतं."

मी निघावं असं मला वाटत होतं, पण निरोप कोणाचा घ्यावा ते समजेना.

"जीपमधी फुडं तिघांची जागा आसती," तात्या म्हणाले. "मोजायला आता भाऊसाहेबांची गरज न्हाई. तू… म्हंजी तुला जमत आसंल तर."

"मी बाटलीला हात लावनार न्हाई."

"कोन म्हनलं लाव म्हनून?"

"दानं भाजून घीन. तिखटमीठ लावून. उगा रिकामं बसायचं मला व्हायचं न्हाई."

"मेसमधी दानं…" तात्या म्हणाले आणि थांबले. "चालत्यात."

शनिवारी सकाळी सगळी गल्ली दारात आली. मला यावेळी रजा टाकावी लागली नव्हती आणि मी चहाचा कप घेऊन ओट्यावर बसलो होतो. वहिनी हिरवं लुगडं नेसून पुढच्या बाकावर बसल्या, मांडीवर दाण्यांचा डबा. त्या दोघांना एका गाडीत बसून परगावी जाताना कोणीच कधी पाहिलं नव्हतं. तात्या ताठ, समोर बघत, दोन्ही हात गुडघ्यांवर.

"वारं लागतंय का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

थोडं थांबून, "ह्या अंगाला बसतीस का? वारं कमी लागंल."

"न्हाई लागत, आवं."

मग तिसऱ्यांदा विचारलं. तोवर जीपवाला अजून पान खाऊन आला नव्हता, आणि जीप सुरूही झालेली नव्हती.