वीबेचा खुबा आणि उघडे पडदे

"माणूस गेल्याशिवाय आमच्या घरात भर दिवसा पडदे ओढत नाहीत!" रस्त्याकडच्या भल्याथोरल्या खिडकीसमोर सतरंजी पसरत वीबे गरजला.

"अहो, पण गल्ली बघेल ना!" त्याची बायको फेन्ना म्हणाली.

"बघू दे! आपण काय चोर आहोत?"

आमच्या या फ्रीसलँड प्रांतात पडदा ओढणाऱ्याकडे संशयानेच बघतात. वीबेचं दुखणं मात्र लपवायचं होतं. शनिवारी चालण्याच्या मंडळाची मोठी फेरी. झेंडा वर्षानुवर्षं वीबेच्याच हातात, आणि उपाध्यक्ष हार्मेन त्यावर टपून बसलेला! खुबा दुखतोय असं कळलं की झेंडा गेलाच.

खुब्याचे व्यायाम शिकवणाऱ्या व्यायामवालीने बजावलं होतं, "पाय ताणून आत वळवले की सांध्यात दाब वाढतो, रक्त नीट पोचत नाही. उताणे पडा, गुडघे जरा वाकवून बाहेर सैल सोडा. आणि लांब चालणं सध्या बंद!"

वीबे पडला, थेट उताण्या बेडकासारखा! रक्त खुब्यात पोचतंय या समाधानात त्याला डोळा लागला.

समोरून शेजारीण डीना चालली होती. तिने सवयीने आत पाहिलं आणि किंचाळलीच. वीबेच्या घराची किल्ली तिच्याकडे असतेच. बघता बघता घरात अर्धी गल्ली, पुढे हार्मेन!

"वीबे, पडलास होय रे? खुबा मोडला का?" हार्मेनने विचारलं.

"छे! खुब्याचं नावही काढू नकोस! व्यायाम चाललाय!" वीबे ताडकन उठला. पायाला मुंग्या आलेल्या. तो थेट हार्मेनच्या गळ्यात!

"झेंड्याची काळजी करू नकोस हो," हार्मेन गोड आवाजात म्हणाला.

वीबेच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी त्याने घराण्याची अब्रू गुंडाळून ठेवली, पडदे घट्ट ओढले आणि निवांत आडवा झाला.

तासाभरात घंटी वाजली. दारात काळा कोट घातलेला हार्मेन, हातात पांढरी फुलं.

"धीर धरा, वहिनी. कालच मला शंका आली होती. काय माणूस होता! असा ताठ चालणारा पुन्हा होणे नाही!"

फेन्ना 'अहो, ते आत...' म्हणणार, तेवढ्यात तिला व्यायामवालीचा शब्द आठवला. शनिवारी हा हट्टी माणूस झेंडा घेऊन मैलोन्मैल ताठ चालणार! पदर नसल्याने तिने डोळ्याला रुमाल लावला आणि कोपऱ्यातला झेंडा मुकाट्याने हार्मेनच्या हातात दिला.

आणि वीबे? हार्मेनच्या तोंडून स्वतःची स्तुती तो जन्मात पहिल्यांदा ऐकत होता. अजून काही बोलतोय का, म्हणून बिचारा श्वास रोखून पडूनच राहिला!